सिएम रीपमध्ये एकच दिवस आणि सोबत सत्तरीचे आई-बाबा: गाइड घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंबोडियात, अंगकोरच्या मंदिरांजवळच्या सिएम रीप शहरात हातात एकच दिवस आहे, आई-बाबा सत्तरीच्या घरातले, हॉटेलवाले सूर्योदयासकट पाच मंदिरांची ग्रुप टूर सुचवताहेत. ती घ्यावी, की वेगळा गाइड करावा?

गाइड जरूर घ्या, पण फक्त तुमच्या कुटुंबापुरता. आणि मंदिरं दोनच ठेवा, बांतेय स्रेई आणि अंगकोर वाट. तिसरं जमलं तर वाटेत. पाच मंदिरांच्या टूरमध्ये प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतं थांबणं होतं आणि सगळा दम पायऱ्यांवर जातो. रामायण-महाभारत लहानपणापासून ऐकलेल्या माणसांना तिथल्या भिंतींसमोर नुसतं उभं राहायलाही वेळ लागतो. तो वेळ त्यांना द्या.

सूर्योदय सोडा असंच मी सांगेन. त्यासाठी पहाटे साडेचारला निघावं लागतं, अंगकोर वाटच्या तळ्याकाठी गर्दीत उभं राहावं लागतं आणि दुपारपर्यंत आई-बाबा थकून जातात. त्याऐवजी साडेसहाला निघून थेट बांतेय स्रेई गाठा. शहरापासून गाडीने तासाभराचा रस्ता आहे आणि मंदिर साडेसातला उघडतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो गुलाबी वालुकाश्म फार सुंदर दिसतो, शिवाय टूरच्या बसगाड्या अजून यायच्या असतात. मंदिर लहान आणि सपाटीवर आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपतं.

हे शिवमंदिर इ.स. ९६७ मधलं, आणि राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या दरबारातल्या विद्वानाने उभारलेलं. मुख्य गाभाऱ्यांभोवती दोरी असते, पण त्याने काही बिघडत नाही, कारण पाहण्यासारखं पुष्कळसं दारांच्या वरच आहे. दक्षिणेकडच्या छोट्या इमारतीवर (तिला ‘ग्रंथालय’ म्हणतात) पूर्वेला रावण कैलास हलवतोय आणि पश्चिमेला शंकर मदनाला जाळतोय. उत्तरेकडच्या इमारतीवर इंद्राचा पाऊस, तिरप्या रेघांनी कोरलेला, आणि दुसऱ्या बाजूला कंसवध. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण आई-बाबांनी पाहिला असेल तर इथे त्यांना आवर्जून थांबवा. वेरूळला सगळा जोर खालच्या रावणाच्या ताकदीवर आहे. इथे पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा, त्यावर घाबरलेले ऋषी आणि प्राणी, आणि वर शंकराला बिलगलेली पार्वती. एकच प्रसंग दोन ठिकाणी किती वेगळा सुचला, यावर बाबा गाइडशी तासभर बोलतील.

परतताना ता प्रोम वाटेवर पडतं. झाडांच्या मुळांनी वेढलेलं ते प्रसिद्ध मंदिर हेच. राजा सातव्या जयवर्मनने ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ बांधलेला हा बौद्ध विहार. इथल्या जतनाच्या कामात आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण गेली बरीच वर्षं आहे. आई-बाबांना ताकद असेल तर पाऊण तास द्या, नसेल तर सरळ हॉटेलवर. बायोन हे आणखी एक मोठं मंदिर मात्र या दिवसात बसवू नका. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर बाजार, स्वयंपाक आणि लढाया असं सगळं आयुष्य कोरलेलं आहे, ते घाईत पाहणं म्हणजे न पाहणंच.

दुपारी जेवून विश्रांती घ्या आणि अडीच-तीनला अंगकोर वाटला निघा. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपारनंतर ऊन समोरून त्याच्यावर पडतं. पश्चिमेकडून आत जा आणि गाडी पूर्वेच्या दाराशी बोलावून ठेवा, म्हणजे तो लांबलचक दगडी रस्ता परत तुडवावा लागत नाही. पूर्वेची वाट झाडीतून आणि सावलीतून जाते. पश्चिमेच्या गोपुरातच अष्टभुज विष्णूची मोठी मूर्ती आहे. स्थानिक लोक आजही तिथे उदबत्ती लावतात. आईला तिथे दोन मिनिटं द्या.

मग शिल्पांच्या ओवऱ्या. पश्चिम बाजूच्या उत्तर टोकापासून सुरू करा आणि डावीकडून फिरत जा, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. ही शिल्पं याच क्रमाने पाहायची आहेत, असं अभ्यासक मानतात. मंदिराचा संबंध राजाच्या अंत्यविधीशी जोडण्यामागे हेही एक कारण आहे. सुरुवातीला लंकेचं युद्ध: राम हनुमानाच्या खांद्यावर, समोर वीस हातांचा रावण. पुढे कुरुक्षेत्र: शरपंजरी भीष्म, आणि अर्जुनाच्या रथावर सारथी म्हणून चतुर्भुज कृष्ण. कोपऱ्यातली दालनं बरेच गाइड गाळतात. नैर्ऋत्येच्या दालनात गोवर्धन आणि वालीवध आहेत, ते मागून घ्या. दक्षिणेला दुसऱ्या सूर्यवर्मनची, म्हणजे हे मंदिर बांधणाऱ्या राजाची, मिरवणूक. त्यानंतर यम, चित्रगुप्त आणि नरकातल्या शिक्षा. शेवटी पूर्वेला समुद्रमंथन, जवळपास पन्नास मीटर लांब. हा सगळा फेरा छपराखाली आणि बराचसा सपाट आहे. सर्वांत वरचा मजला खड्या जिन्याचा आहे, तो आई-बाबांनी सोडावा. तुम्हाला जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, आणि बौद्धांच्या पवित्र दिवशी (उपोसथ) तो मजला बंद असतो.

आता गाइडबद्दल. पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेलाच घ्या. त्याच्याकडे ओळखपत्र असतं. टुकटुकवाले भले असतात, पण आत येऊन माहिती सांगायची त्यांना परवानगी नसते. आणि एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाका: ‘कथा आम्हाला माहीत आहेत.’ नाहीतर निम्मा वेळ सीता कोण, रावण कोण यात जातो. त्याऐवजी त्याला ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या, रामकथेत काय वेगळं आहे ते विचारा. तिथे हनुमान एका सोनेरी मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो! कुलेन डोंगराच्या पायथ्यापासून दगड कसा आणला ते विचारा. खरी कमान न वापरता दगड पुढे पुढे सरकवत छत कसं मिटवलं, आणि म्हणून ओवऱ्या इतक्या अरुंद का, तेही विचारा. अशा प्रश्नांनी गाइड खुलतात, पाठ केलेलं बाजूला ठेवून मनापासून बोलू लागतात.

मंदिरांचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर (२०१७ पासूनचा दर, जाण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या). त्यावर फोटो असतो आणि प्रत्येक मंदिरात तपासतात. तो मंदिरापाशी मिळत नाही, म्हणून ऑनलाइन काढा किंवा आदल्या संध्याकाळी पाचनंतर तिकीट केंद्रावरून; तो दुसऱ्या दिवसासाठी चालतो. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, फाटकी नोट कुणी घेत नाही.

आई-बाबा शाकाहारी असतील तर भाज्यांतही मासळीचा सॉस पडतो, हे लक्षात ठेवा. शहरात भारतीय हॉटेलं आहेत, पण बांतेय स्रेईच्या बाजूला भरवसा नाही. दशम्या किंवा ठेपले सोबत असू द्या. आणि जायचा महिना कळवा. एप्रिल असेल तर दुपारचा बेत बदलावा लागेल.