३० आठवड्यांत जन्मलेल्या मुलाचा बीपी सहाव्या वर्षी तपासावा का?

हो, तपासाच. बालरोगतज्ज्ञांकडे लसीकरणाला किंवा सर्दीखोकल्याला जाल तेव्हा स्वतःहून सांगा, ‘बाळ ३० आठवड्यांचं होतं, बीपी बघा.’ ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्यांचा बीपी तीन वर्षांआधीपासूनच दर भेटीत बघायचा असतो.

कारण दोन ठिकाणी आहे. रक्तवाहिनीला लवचीकपणा देणारं इलॅस्टिन हे प्रथिन मोठ्या प्रमाणात गर्भातल्या शेवटच्या आठवड्यांत महाधमनीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत) साठतं. ते कमी पडलं की वाहिनी थोडी ताठर राहते, आणि इलॅस्टिन नंतर फारसं नव्याने बनत नाही. दुसरं म्हणजे मूत्रपिंडातले नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, साधारण ३६ आठवड्यांपर्यंतच तयार होतात. संख्या कमी राहिली तर बीपी वाढायला वाव मिळतो. तरी घाबरू नका, बहुतेकांत फरक थोड्याच अंकांचा असतो.

मोजताना सर्वाधिक चूक दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची होते. पट्टा लहान असेल तर बीपी खोटा जास्त येतो. आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, पाय टेकलेले, उजवा दंड हृदयाच्या पातळीवर. रडत असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. आणि १२०/८० ही मोठ्यांची मोजपट्टी त्याला लावू नका. वय, उंची, मुलगा की मुलगी यांवरून तक्ता बघतात.

एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. नाळेच्या धमनीत नळी घातली होती का, हे त्यात सापडतं. तिच्यामुळे क्वचित मूत्रपिंडाच्या धमनीत गुठळी होते, आणि त्यानेही बीपी वाढू शकतो.