कथेची थीम नेमकी कुठे सापडते? वाचकांचे प्रश्न

यावेळचे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, कथेची थीम ओळखायची कशी आणि पात्रं, वातावरण, शेवट, प्रतीकं या सगळ्याचा तिच्याशी संबंध काय. म्हणून त्यातले चार एकत्र घेतलेत.

प्रश्न: 'कथेची थीम लिहा' असं परीक्षेत आलं होतं. मी 'एकटेपणा' लिहिलं तर निम्मेच मार्क मिळाले. चुकलं काय?

चुकलं नाही, अर्धवट राहिलं. एकटेपणा हा कथेचा विषय झाला. त्या विषयाबद्दल ही कथा काय म्हणते ती थीम, आणि ती सहसा एका शब्दात मावत नाही, पूर्ण वाक्य लागतं. एकटेपणावरचीच एक कथा म्हणेल की माणूस तो स्वतःहून ओढवून घेतो, दुसरी म्हणेल एकटं पडल्याशिवाय माणसाला स्वतःची ओळख पटत नाही. विषय तोच, थीम पार वेगळी. तर आधी शब्द लिहा आणि मग स्वतःलाच विचारा, 'बरं, मग एकटेपणाचं काय?' त्याचं जे उत्तर येईल ते लिहा. फक्त त्याचा सुविचार होऊ देऊ नका. 'सर्वांनी प्रेमाने राहावे' ही थीम नाही, तो फळ्यावर लिहायचा मजकूर आहे, आणि चांगली कथा सल्ला द्यायला बसलेली नसते.

प्रश्न: कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, सगळ्याच्या व्याख्या पाठ आहेत. पण 'हे घटक थीम कशी उलगडतात' असं विचारलं की पेन अडतं.

व्याख्या जरा बाजूला ठेवा, एक कथाच घेऊन बसू. रशियन लेखक चेखवची 1886 सालची 'तोस्का' (म्हणजे खोल दुःख) नावाची छोटीशी कथा आहे. योना नावाचा म्हातारा घोडागाडीवाला, त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारलाय आणि त्याला ते कुणाला तरी सांगायचंय. बस, एवढंच कथानक. संध्याकाळभर तो गाडीत बसणाऱ्यांना सांगायला बघतो, कुणी ऐकत नाही आणि शेवटी तो आपल्या घोडीला सगळं सांगतो.

आता वातावरण बघा. बर्फ पडतोय, योना आणि घोडी दोघं पांढरे झालेत आणि जागचे हलत नाहीयेत. हे नुसतं थंडीचं वर्णन नाही, कारण आजूबाजूला शहर आहे, रस्ता माणसांनी भरलेला आहे. हीच कथा एखाद्या ओसाड माळावर घडली असती तर 'सांगायला कुणी नव्हतं' एवढंच झालं असतं. इथे माणसं आहेत, भरपूर आहेत, आणि तरी कुणी नाही. म्हणजे थीमचा निम्मा भाग जागेनेच सांगून टाकला, पात्रांनी तोंड उघडायच्या आधी.

मग कथानकाची बांधणी. योना एकदा नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पहिला एक अधिकारी, तो निदान विचारतो तरी की मुलगा कशाने गेला, पण लगेच गाडी लवकर हाक म्हणतो आणि डोळे मिटून घेतो. मग तीन दंगा करणारी पोरं, त्यांच्यातला एक म्हणतो सगळेच मरणार आहेत आणि वर गाडी पळव म्हणून घाई करतो. मग एक दारवान, तो योनाला तिथून पुढे जायला सांगतो. शेवटी मुक्कामाच्या जागी रात्री पाणी प्यायला उठलेला एक तरुण गाडीवाला, योना त्याला सांगायला लागतो तोवर तो डोक्यावर पांघरूण घेऊन झोपून जातो.

मला या सगळ्यात हा तरुण गाडीवाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि घाईत वाचलं तर नेमका तोच निसटतो. कथा अधिकारी आणि त्या पोरांवरच थांबली असती तर आपण सरळ म्हटलं असतं की वरच्या लोकांना गरिबाच्या दुःखाची किंमत नसते. पण हा तर योनासारखाच गाडीवाला, त्याच जागी मुक्कामाला, आणि तो काही दुष्टही नाही, त्याला झोप आलीय इतकंच. तो एक माणूस आणल्यामुळे थीम श्रीमंत-गरीब यावरून सरकते आणि जास्त अवघड जागी जाते. दुसऱ्याचं दुःख ऐकायला दुष्टपणा आड येतोच असं नाही, साधी घाई किंवा झोपही पुरते. एक दुय्यम पात्र काढलं तर कथेचा अर्थ बदलतो, घटक थीम उलगडतात म्हणजे हेच.

पात्रचित्रणातही तेच. योनाला सहानुभूतीचे दोन शब्द नकोयत, त्याला सविस्तर सांगायचंय, मुलगा आजारी कसा पडला, मरायच्या आधी काय बोलला, अंत्यसंस्कार कसे झाले, हॉस्पिटलातून त्याचे कपडे आणायला आपण कसे गेलो. म्हणजे थीम 'दुःखात माणूस एकटा असतो' इतकी ढोबळ राहत नाही, 'दुःख सुसह्य व्हायला ते कुणाला तरी नीट सांगता यावं लागतं' इतकी नेमकी होते.

उत्तर लिहिताना एवढंच करा, घटक कुठला, लेखकाने त्यात काय निवडलं, आणि दुसरं काही निवडलं असतं तर अर्थ कसा बदलला असता. हा तिसरा भाग बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि खरं उत्तर तिथेच असतं.

प्रश्न: शेवटावरून थीम ठरते का? शेवटी धक्का असेल तर काय धरायचं?

शेवटाला वजन असतं हे खरं, पण शेवट एकटा काही ठरवत नाही. फ्रेंच लेखक मोपासांची 1884 मधली हाराची गोष्ट घ्या. मातिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार उसना घेते, हरवते, नवरा-बायको कर्ज काढून 36,000 फ्रँकचा तसाच हार परत करतात आणि दहा वर्षं राबून फेडतात. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर 500 फ्रँकचा. यावरून 'हाव धरू नये' असं लिहून लोक मोकळे होतात, पण मग ती दहा वर्षं कुठे गेली? त्या काळात मातिल्द कणखर होते, आणि शेवटी मैत्रीण भेटते तेव्हा आपण हार भरून दिला हे ती अभिमानाने सांगते. ते धरलं की थीम दिखाव्याकडे आणि खरं वेळेवर न सांगण्याकडे जाते, कारण पहिल्याच दिवशी हार हरवला असं मैत्रिणीला सांगितलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

आणि निवेदन कुठून केलंय तेही बघा. हार खोटा आहे हे आपल्यालाही शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. आधी सांगितलं असतं तर ती दहा वर्षं आपण वरून तिची कीव करत बसलो असतो, आता तिच्याबरोबर आपणही तो हार खराच मानून चाललेलो असतो. धक्का तिला जितका, तितकाच आपल्यालाही. म्हणून धक्क्याच्या शेवटाची कथा दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय थीमवर काही लिहू नका, दुसऱ्या वाचनात आधीची साधी वाटलेली वाक्यं वेगळी दिसायला लागतात.

प्रश्न: मला प्रत्येक वस्तूत प्रतीक दिसतं, खिडकी, पाऊस, घड्याळ. जास्तच होतंय का?

थोडं होतंय. पाऊस बऱ्याचदा नुसता पाऊस असतो. ती वस्तू परत परत येते का, मोक्याच्या क्षणी येते का आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा बदलतो का, एवढं बघा. सुरुवातीला चालू असलेलं घड्याळ मधे बंद पडतं आणि कुणीच ते दुरुस्त करत नाही, असं असेल तर खुशाल लिहा. एकदाच भिंतीवर दिसलं आणि गेलं तर सोडून द्या. आणि प्रतीक सापडलं तरी ते कथेतल्या बाकीच्या गोष्टींशी जुळतंय का ते तपासा, पात्रं एक सांगतायत आणि तुमचं घड्याळ भलतंच सांगतंय असं होत असेल तर आधी घड्याळावर शंका घ्या.