उकिरड्यातून निघालेली पत्रं

प्रश्न : रोमन साम्राज्याविषयी वाचायला घेतलं की सम्राट आणि लढायाच समोर येतात. रोमपासून दूरच्या एखाद्या शहरात, साध्या घरात काय चालायचं, हे कळायला काही मार्ग आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि तो उकिरड्यातून जातो. इजिप्तमध्ये कैरोच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचं शहर होतं. इ.स.पूर्व ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेला, पण इथली लिखापढी बहुतेक ग्रीकमध्येच होत राहिली. जुने कागद लोक गावाबाहेर फेकत. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, ते तुकडे कुजले नाहीत. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज संशोधकांनी ते ढिगारे खणले, तेव्हा पावत्या, करार, तक्रारअर्ज, जेवणाची आमंत्रणं असं सगळं निघालं. 'उद्या पंधरा तारखेला, नवव्या तासापासून सेरापिसच्या देवळात जेवायला या', असं एक आमंत्रण आहे. नववा तास म्हणजे आपले दुपारचे तीनच्या आसपास.

मी शाळेत इतिहास शिकवायचो, तेव्हा त्यातली दोन पत्रं दर वर्षी वर्गात वाचायचो. एक थेऑन नावाच्या मुलाचं, वडिलांना. 'मला शहरात नेलं नाहीत, छान केलंत! अलेक्झांड्रियाला नेणार नसाल तर मी पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही. मला बोलावून घेतलं नाहीत तर जेवणार नाही, पाणी पिणार नाही. बस्स!' आई वैतागून 'याला घेऊन जा इथून' म्हणाली, तेही त्याने लिहून टाकलंय. शुद्धलेखनाच्या चुका तर ढीगभर. हे ऐकताना मुलं खूश व्हायची.

दुसरं पत्र इ.स.पूर्व १ मधलं. हिलारियॉन अलेक्झांड्रियात कामाला आणि बायको अलिस गावी, गरोदर. मजुरी हातात पडली की लगेच पाठवतो, लहानग्याला जप, असं तो लिहितो. त्याच दमात पुढे : मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. या वाक्यापाशी माझा आवाज अडायचा. वर्गातल्या मुली माझ्याकडे बघत असायच्या, आणि मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. नको असलेलं मूल उघड्यावर सोडून देणं तेव्हा गुन्हा नव्हता. अशी काही मुलं कुणीतरी उकिरड्यावरून उचलून नेई आणि गुलाम म्हणून वाढवी.

आणि लगेच पुढची ओळ अशी आहे : 'मला विसरू नकोस, असा निरोप पाठवलास. तुला मी कसा विसरेन? काळजी करू नकोस.'