जूनमधलं लग्न आणि किमोनोचा प्रश्न

ताई, लेकीच्या मैत्रिणीचं जूनमध्ये जपानला, ओसाकात लग्न आहे, तुम्हा दोघींना बोलावणं आहे, आणि भाड्याने किमोनो घेतला तर त्यांना अपमान वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. मी क्योतोत सात वर्षं काढली आहेत. अपमानाची धास्ती सोडा. नीट नेसलेला किमोनो पाहून तिथल्या आज्ज्या उलट हरखतात. २०१५ साली बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये प्रेक्षकांना किमोनो चढवून बघू देण्यावरून निदर्शनं झाली होती, पण तो वाद अमेरिकेतला. क्योतोतले दुकानदार तर गिऱ्हाईक परदेशी असलं तरी प्रेमाने नेसवून देतात.

खरी काळजी वेगळीच. कुठला किमोनो, यावरून तुमचं वय, लग्न झालंय की नाही, यजमानांशी नातं काय, हे लोक न विचारता वाचतात. लेकीचं लग्न झालेलं नसेल तर तिने फुरिसोदे घालावा, पोटऱ्यांपर्यंत किंवा त्याहून खाली लोंबणाऱ्या बाह्यांचा. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी, सज्ञान होण्याच्या सोहळ्याला मुली हाच घालतात. लग्नानंतर आखूड बाह्या. पूर्वी लांब बाह्या कापूनच आखूड करत, अशा किमोनोचं तोमेसोदे हे नाव त्यावरूनच आलं. मात्र काळा तोमेसोदे, पाच कुलचिन्हांचा आणि फक्त खालच्या भागात नक्षी असलेला, कितीही आवडला तरी घेऊ नका. तो वधूवरांच्या आयांचा आणि जवळच्या विवाहित नातलगांचा. तुम्ही घातलात तर नवरदेवाची आई नक्की कोण, अशी कुजबुज व्हायची! तुमच्यासाठी होमोन्गी, म्हणजे पाहुणीने समारंभाला घालायचा नक्षीदार किमोनो. पांढरा रंग नवरीचा, तो दोघींनीही टाळा.

आता गळपट्टीचं. नेसणाऱ्याची डावी बाजू उजवीवर, पुरुष असो वा बाई. ७१९ साली दरबाराने तसा हुकूमच काढला होता. उलटं फक्त मृतांना नेसवतात. मी पहिल्या उन्हाळ्यात स्वतःच युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, गुंडाळून जत्रेला निघाले, तर शेजारच्या आजींनी जिन्यातच अडवलं, एक शब्द न बोलता पट्टा सोडला आणि बाजू बदलून पुन्हा बांधला. कारण संध्याकाळी सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला स्वतःला सर्वात भावतं ते त्याचं कापणं. साधारण छत्तीस-सदतीस सेंटिमीटर रुंद आणि बारा मीटरच्या आसपास लांब असा ताग्याचा एकच पट्टा, त्याचे सरळ रेषेत तुकडे, कुठे गोलाई नाही, चिंधी जवळजवळ पडत नाही. बाईचा किमोनो अंगापेक्षा लांबच असतो, जास्तीची लांबी कमरेशी दुमडून घेतात. म्हणून आईचा लेकीला होतो. पूर्वी शिलाई उसवून, तुकडे पुन्हा पट्ट्यासारखे जोडून धूत, ताणून वाळवत आणि परत शिवत. फारच जुना झाला की उशीचं कव्हर, मग फडकं. आपल्या गोधडीचंच गणित.

ओबीची, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याची, गाठ दुकानवाल्या बांधतात, तुम्ही फक्त श्वास रोखायचा. लग्नाला दुहेरी ढोलासारखी गाठ बांधतात, आनंद दुणावा म्हणून. मयतीला एकेरीच, दुःख पुन्हा येऊ नये म्हणून.

जूनमध्ये नियमाने बिनअस्तराचा किमोनो चालू होतो, अस्तराचा मेअखेर संपतो. दुकानात तारीख सांगितलीत की ते बघतील. मात्र जून हा तिथला पावसाळा. रेशमावर थेंब पडला की डाग राहतो, म्हणून पावसाळी कोट मागून घ्या आणि हॉलपर्यंत टॅक्सीने जा.

आणि एवढा खटाटोप नको वाटला तर सरळ पैठणी नेसा. परदेशी पाहुणीने आपला पेहराव घालून यावं यात तिथे काहीच वावगं नाही, आणि मोराच्या पदराभोवती अर्धं लग्न गोळा होईल याची तयारी ठेवा.

किमोनोच नेसलात तर फोटो दुसऱ्या कुणाला काढायला सांगा. पुष्कळ फोनच्या सेल्फीत डावं-उजवं उलटं होतं. माझा तसा एक फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि शेजारच्या आजींनी तो पाहिल्यावर मला आधी खाली बसवलं.