पहाऱ्यावरच्या माणसाचे मनोबल

प्रश्न : मी सीमाभागातील एका कारागृहात नुकताच हेड वॉर्डर झालो आहे. माझ्या हाताखालचे वॉर्डर काम टाळत नाहीत, पण त्यांच्यात उमेद उरलेली नाही. रजेवरून कुरबुरी होतात, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांचे दोन गट पडले आहेत आणि अधूनमधून होणाऱ्या योगशिबिरांनी काही फरक पडलेला दिसत नाही. माझ्या अधिकारात राहून मी काय करावे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : बेळगावच्या हिंडलगा कारागृहाचे नाव काढले की आपल्याकडे सीमालढ्यातील सत्याग्रही आठवतात, १९५० मध्ये तेथे स्थानबद्ध केलेले सावरकर आठवतात, त्याच भिंतींआड पहारा देणाऱ्या माणसाची आठवण मात्र कुणी काढत नाही. म्हणून आपला प्रश्न मोलाचा वाटला.

योगशिबिराला माझा विरोध नाही. परंतु रात्रपाळी करून आलेल्या माणसाला त्यासाठी पुन्हा बोलावले जात असेल, तर तो चिडणारच. आपल्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ड्युटीचा तक्ता. तो महिनाभर आधी लावावा आणि गणपती, सौंदत्तीची यात्रा, उगादी, रमजान ईद या दिवसांची रजा गेल्या वर्षी कोणाला मिळाली होती, हे सर्वांना पाहता येईल अशा वहीत लिहून ठेवावे. रजा नाकारली गेल्याचे दुःख माणूस पचवतो. ती मर्जीतल्याला मिळाली, हा संशय त्याला पचत नाही.

भाषेच्या बाबतीत पहिले पाऊल आपणच उचलले पाहिजे, कारण आपण मराठी आहात. कार्यालयीन काम कन्नडमध्ये चालते, ते तसेच चालू द्यावे. मात्र पाळी बदलताना दिलेली सूचना प्रत्येकाला नीट कळली आहे ना, याची खात्री करावी, आणि चहाला रोज एकाच कोंडाळ्यात बसू नये. पाळीबदलाच्या वेळी गिनतीचा आकडा सांगून मोकळे न होता, कोणता बंदी आजारी आहे, कोणाचा जामीन फेटाळला गेला आहे, हेही पुढच्या पाळीला सांगावे. यामुळे बराकीतले अनेक प्रसंग टळतात आणि वॉर्डरलाही आपण केवळ किल्ल्या सांभाळत नाही, हे जाणवते. मारहाणीचा किंवा आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग घडलाच, तर खुलासा मागण्यापूर्वी त्या वॉर्डरजवळ दहा मिनिटे बसावे. ज्याच्यावर वरून सतत आरडाओरडा होतो, तो बंद्यांवर आवाज चढवतो, हे आपणही पाहिले असेलच.

मनुष्यबळाची टंचाई मात्र आपल्या आवाक्याबाहेरची आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत सहा बंद्यांमागे एक पहारा कर्मचारी असावा, असे म्हटले आहे. परंतु कारागृह हा राज्याचा विषय असल्याने भरतीचा निर्णय बंगळूरलाच होतो. तरीही कोणी किती वेळा सलग दोन पाळ्या केल्या आणि कोणाची साप्ताहिक सुट्टी बुडाली, याची तारखांनिशी नोंद ठेवून ती दर महिन्याला अधीक्षकांना द्यावी. तोंडी गाऱ्हाणे तेथेच विरते. रिक्त पदांची मागणी वर पाठवताना ही नोंद अधीक्षकांच्याही उपयोगी पडेल.