आधी चेंडू सोडायला शिक

मित्रा, 'सुपर मेगा बेसबॉल 4' घेतलास, फार बरं केलंस. 2023 मध्ये आलेला हा गेम प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच आणि विंडोज, सगळीकडे चालतो. खेळाडू कार्टूनसारखे दिसतात, पण आतला बेसबॉल अस्सल आहे.

आपल्याला सवय क्रिकेटची, त्यामुळे प्रत्येक चेंडूला बॅट लावावीशी वाटते. इथेच घात होतो. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीच्या, बाहेरचे चार चेंडू सोडलेस की पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) आयता मिळतो. त्याच चेंडूंवर बॅट फिरवून चुकलास तर स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक म्हणजे आऊट. म्हणून पहिले एक-दोन सामने नुसता चेंडू बघ. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातून सुटलेला कर्व्हबॉल सरळ येतोयसा वाटतो आणि बॅटजवळ आल्यावर खाली बसतो. ते एकदा डोळ्यांत बसलं की हात आपोआप थांबतो.

पॉवर स्विंगसाठी, म्हणजे जोरदार फटक्यासाठी, बटण आधीच दाबून धरायचं, चेंडू आला की सोडायचं. दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र तो मोह टाळ, साधा फटका मार.

'इगो' म्हणजे काठिण्यपातळी. सुरुवातीला कमीच ठेव. फलंदाजी, पिचिंग, फील्डिंग यांचा इगो वेगवेगळा लावता येतो, ही सोय मला मनापासून आवडते. पिचिंग जमायला लागलं की फक्त त्याचाच वाढव.