पहिल्या उलटतपासणीपूर्वी

नागपूर

प्रिय कनिष्ठ मित्रास,

सप्रेम नमस्कार.

विधी सेवा प्राधिकरणाने बलात्काराच्या खटल्यात आरोपीच्या बचावासाठी तुझी नेमणूक केल्याचे तू सांगितलेस आणि उलटतपासणीसाठी काढलेली 31 प्रश्नांची यादी माझ्या टेबलावर ठेवून गेलास. ती मी दोनदा वाचली. कागद तू मन लावून वाचले आहेस, घटनाक्रम तुझ्या डोक्यात पक्का बसला आहे, हे यादीवरून दिसते. परंतु त्यांतल्या 9 प्रश्नांत तू फिर्यादी मुलीला एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारणार आहेस: ओरडली का नाही, ढकलले का नाही, पळाली का नाही, त्याच रात्री कोणाला सांगितले का नाही. हे पत्र मुख्यतः त्या 9 प्रश्नांसाठी आहे.

आरोपीची बाजू मांडण्यात गैर काही नाही, हे आधी स्पष्ट करतो. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर असते आणि ज्याला वकील परवडत नाही त्यालाही सक्षम वकील मिळालाच पाहिजे, असे मी पूर्वीपासून मानत आलो आहे. माझा आक्षेप इतकाच आहे की, तुझे प्रश्न ज्या कायद्यावर उभे आहेत तो कायदा आज अस्तित्वात नाही.

भारतीय न्याय संहितेचे बलात्काराची व्याख्या करणारे कलम 63 उघड आणि त्याखालचे दुसरे स्पष्टीकरण सावकाश वाच. एखाद्या विशिष्ट लैंगिक कृतीत सहभागी होण्याची आपली तयारी स्त्री जेव्हा शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य कोणत्याही शाब्दिक वा अशाब्दिक रीतीने कळवते, तेव्हाच्या तिच्या निःसंदिग्ध आणि स्वेच्छेच्या होकाराला तिथे संमती म्हटले आहे. त्याला लागून परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी पुरवणी, आहे: स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 375 लागेल. मात्र 2013 च्या दुरुस्तीपासून ही व्याख्या तिथेही जवळपास याच शब्दांत आहे. म्हणून दोषारोपपत्रावरची घटनेची तारीख आधी पाहा.

या व्याख्येत माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार शब्द ‘कळवते’ हा आहे. आपल्या जुन्या जबाबांत ‘राजीखुशीने’ असा एक शब्द येई आणि त्याच्या आड सगळे काही झाकले जाई; तिची खुशी कशावरून समजली, हे कोणी विचारत नसे. आजच्या कलमाप्रमाणे तिच्याकडून काहीतरी आलेले असले पाहिजे, मग तो शब्द असो, हालचाल असो वा खूण असो, आणि जे आले त्याचा अर्थ निःसंदिग्ध असला पाहिजे. तिच्याकडून काहीच न येणे म्हणजे होकार नव्हे. ‘विशिष्ट’ हा शब्दही नजरेतून सुटू देऊ नकोस. सोबत सिनेमाला जाणे, खोलीवर येणे, आधी कधी जवळीक झालेली असणे, अगदी त्याच दिवशी एका गोष्टीला हो म्हणणे, यांपैकी कशानेही दुसऱ्या कृतीला संमती मिळत नाही. याच कलमात ‘तिच्या इच्छेविरुद्ध’ आणि ‘तिच्या संमतीशिवाय’ ही दोन स्वतंत्र पोटकलमे का ठेवली आहेत, याचाही विचार कर. झोपलेली स्त्री विरोध करत नाही. तिची संमतीही नसते.

ही व्याख्या सहजासहजी आलेली नाही, आणि तिच्या वाटेचा पहिला टप्पा आपल्या विदर्भातलाच आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. (तिचे नाव मी लिहीत नाही. तू मात्र तुझ्या यादीच्या वरच्या ओळीत तुझ्या खटल्यातल्या फिर्यादीचे नाव लिहिले आहेस आणि ती यादी दिवसभर माझ्या टेबलावर उघडी होती. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा कलम 72 प्रमाणे गुन्हा आहे, पण कायद्यात येत नसेल तिथेही ही सवय सोड.) सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. 1976 मध्ये आपल्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि भीतीपोटी हतबल होऊन शरीर स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद केला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, यांवर भर देत आरोपींना पुन्हा निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून संमती आणि शरणागती यांतला फरक पुन्हा मांडला. देशभर आंदोलने झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. खंडपीठाने 1976 साली ओळखलेली गोष्ट कलमाच्या परंतुकात स्पष्ट शब्दांत यायला 2013 उजाडावे लागले. तुझे ते 9 प्रश्न 1978 च्या निकालातून उतरल्यासारखे आहेत.

तसे प्रश्न मीही विचारले आहेत. नव्वदच्या दशकात, वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत, अशाच एका प्रकरणात मी आरोपीतर्फे उभा होतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पंचविशीतली एक बाई होती, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी आवाज चढवून विचारले, “शेजारी चार घरे असताना तुम्ही ओरडला का नाहीत?” तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “वरडून कोनाले बलावू साहेब? घरात मोठं मानूस तं तेच होते.” मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तिचे उत्तर इंग्रजीत टिपले गेले तेव्हा त्यात ‘साक्षीदाराने आरडाओरडा केला नाही’ एवढेच उरले होते, आणि अंतिम युक्तिवादात मी त्याच ओळीचा आधार घेतला. त्या वेळच्या पुराव्याच्या कायद्यात फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य काढण्याचीही मुभा होती. ती 2002 च्या दुरुस्तीने गेली. मी ती मुभाही वापरली, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

म्हणून जबाब वाचताना शब्दांकडे बारीक लक्ष दे. मुलगी सांगते, ‘माह्ये हातपाय गार पडले, काही सुचलंच नाही’, आणि कागदावर उमटते, ‘मी प्रतिकार केला नाही’. पहिल्या वाक्यात तिची अवस्था आहे; दुसऱ्यात तिची निवड असल्यासारखे भासते. पोलिसांपुढचा जबाब आणि दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब शेजारी ठेवून वाच, आणि विसंगती म्हणून खूण करण्याआधी ती तिच्या सांगण्यातली आहे की लिहिणाऱ्याच्या भाषेतली, हे ठरव. खरी विसंगती असेल तर ती जरूर दाखव. तो तुझ्या अशिलाचा हक्क आहे.

आता तुझ्या यादीतला 14 वा प्रश्न, तिच्या आधीच्या मैत्रीसंबंधीचा. पुराव्याच्या नव्या कायद्याचे, म्हणजे भारतीय साक्ष अधिनियमाचे, कलम 48 आणि कलम 149 चे परंतुक वाच. संमती सिद्ध करण्यासाठी स्त्रीचे चारित्र्य किंवा कोणाही व्यक्तीशी असलेला तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव उलटतपासणीत काढता येत नाही. ‘कोणाही’ मध्ये तुझा अशीलही येतो. हा प्रश्न मी खोडला आहे. वैद्यकीय अहवालातल्या ‘संभोगाची सवय असलेली’ अशा जुन्या छापाच्या शेऱ्यावर बेतलेला 22 वाही खोडला आहे. तो शेरा ज्या दोन बोटांच्या तपासणीतून येतो ती सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली आणि 2022 मध्ये, ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल, असे बजावले.

बार रूममध्ये कोणीतरी तुझ्या हातात दिल्ली उच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल देईल, ज्यात ओळखीच्या माणसाला दिलेला क्षीण नकार पुरेसा स्पष्ट असतोच असे नाही, अशा आशयाचे विवेचन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही, हेही सांगेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही माझे प्रामाणिक मत असे आहे की, जे कलम होकार निःसंदिग्ध मागते तिथे नकार किती जोरात होता, हे मोजणे म्हणजे व्याख्या उलटी वाचणे आहे. त्या निकालावर अख्खा बचाव उभारू नकोस.

काही गोष्टी थोडक्यात. तिचे वय 18 पूर्ण नसेल तर संमतीचा प्रश्नच उरत नाही, म्हणून शाळेचा दाखला सर्वांत आधी पाहा. भीतीने किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजाने दिलेली संमती न्याय संहितेच्या कलम 28 प्रमाणे संमती ठरत नाही, मात्र समोरच्याला ते माहीत असले पाहिजे किंवा तसे मानायला त्याच्याकडे कारण असले पाहिजे. लग्नाच्या वचनाचा मुद्दा निघाला तर वचन मुळातच खोटे होते की पुढे मोडले, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केला आहे, आणि नव्या संहितेत त्यासाठी कलम 69 स्वतंत्र आहे. आरोपी नातेवाईक, शिक्षक किंवा अधिकाराच्या जागेवरचा असेल तर साक्ष अधिनियमाचे कलम 120 लागते: संबंध सिद्ध झाला आणि तिने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले, की न्यायालय तसेच गृहीत धरते आणि ते खोडून काढणे तुझ्यावर येते. सज्ञान पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या व्याख्येतून मिळालेला अपवाद मात्र नव्या संहितेतही कायम आहे. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे 2022 मध्ये मतभेद झाले. तो अपवाद जायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मध्यवर्ती कारागृहात अशिलाच्या मुलाखतीला जाशील तेव्हा ही यादी नेऊ नकोस. त्याला एकच विचार: तिची तयारी आहे हे तुला त्या क्षणी कशावरून कळले? ती काय म्हणाली, तिने काय केले, हे त्याच्याच शब्दांत, मध्ये न बोलता लिहून घे. त्याच्याकडे खरे उत्तर असेल, एखादा निरोप, एखादे बोलणे, तिची स्वतःची एखादी कृती, तर तुझी उलटतपासणी तिथून सुरू होईल आणि ती कायद्याला धरून असेल. तो जर एवढेच म्हणाला की, “ती काहीच बोलली नाही”, तर कलमाचे परंतुक त्याला सोप्या मराठीत वाचून दाखव, संमतीचा बचाव टिकणार नाही हे त्याला स्पष्ट सांग, आणि मग दोघे मिळून ओळख, वेळ, पुरावा यांपैकी काय खरोखर तपासण्यासारखे आहे ते बघा. शनिवारी दुपारी मी ऑफिसात आहे. ते टिपण घेऊन ये, उरलेल्या 20 प्रश्नांवर तेव्हा बसू.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी